माळ, गुरुमंत्र, उपदेश की धम्मदीक्षा? नागपुरातल्या घरी बसून ठरवताना

दीक्षा घ्यायचं मनात आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो "कोणाकडून?" हा. अमुक महाराजांचं तेज, तमुक स्वामींकडे शेजारच्या काकूंना आलेली प्रचीती, यावरच बोलणं फिरत राहतं. माझं म्हणणं आहे की हा प्रश्न नंतर विचारावा. आधी हे बघावं की दीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून घरात काय बदलणार आहे. ताटात काय येणार, देव्हाऱ्यात काय राहणार, भाद्रपदात महालक्ष्म्या (गौरी) बसल्या की आपण कुठे असणार. देणारा तासाभरात आपलं काम आटोपतो. पाळायचं आपल्याला असतं, तेही जन्मभर.

नागपुरातल्या संसारी माणसापुढे ठळकपणे चार वाटा आहेत: वारकऱ्यांची तुळशीची माळ, रामकृष्ण मठासारख्या ठिकाणची मंत्रदीक्षा, महानुभाव पंथाचा उपदेश आणि बौद्ध धम्माची दीक्षा. संन्यास किंवा जैन मुनिदीक्षा मी यात धरत नाही. रामटेकला आचार्य विद्यासागर महाराजांचे चातुर्मास ज्यांनी पाहिले त्यांना ते वेगळं सांगायला नको. हाताने केस उपटून केलेला केशलोच, हातात पिंछी (मोरपिसांची कुंचली) आणि कमंडलू, दिवसातून एकदाच उभ्याने ओंजळीत घेतलेला आहार. असा रस्ता कोणी चार पर्याय मांडून निवडत नाही.

या चारांत एक मोठी फट आहे आणि ती आधी दिसली पाहिजे. माळ आणि गुरुमंत्र तुमच्या चालू घरात भर घालतात. महानुभावांचा उपदेश आणि धम्मदीक्षा घर नव्याने मांडायला लावतात. यात वरचं-खालचं काही नाही. पण ज्याला भर हवी आहे त्याने नव्याने मांडायची दीक्षा घेतली, किंवा उलट झालं, की पुढे वर्षानुवर्षं ओढाताण होते.

माळेपासून सुरुवात करतो, कारण विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून नागपुरात आलेल्या घरांत एखादा तरी माळकरी असतोच. माळ घालायची म्हणजे एखाद्या फडकरी (वारकरी फडाचे प्रमुख) महाराजांच्या किंवा जाणत्या कीर्तनकाराच्या हातून १०८ मण्यांची तुळशीची माळ गळ्यात घ्यायची, बहुधा पंढरपुरात, नाहीतर आळंदीत किंवा गावच्या सप्ताहात. आपल्याकडे धापेवाडा आहे. विदर्भाचं पंढरपूर म्हणतात ते. तिथल्या नदीलाही लोक चंद्रभागाच म्हणतात, आणि कोलबास्वामींच्या या गावात आषाढीला मोठी यात्रा भरते. माळ घातली की मांस आणि दारू बंद, एकादशी आली, रोजचा हरिपाठ आला, आणि वर्षातून एक तरी वारी. वारकऱ्यांचा मंत्र गुप्त नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात 'रामकृष्णहरि' मंत्र दिला, माघ शुद्ध दशमी आणि गुरुवार होता, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय. स्वप्नात मिळालेला मंत्र त्यांनी चारचौघांत उघड केला. म्हणून इथे गुरूचा धाक कमी आणि नेमाचा जास्त.

पण माळ हलकी समजू नये. माझी मोठी आत्या माळकरी होती. स्वयंपाक करताना माळेचा दोरा तुटला की ती तिथेच हात थांबवायची. मणी एकेक वेचायचे, ओच्यात घ्यायचे, मोजायचे, दोरा ओवून माळ गळ्यात जाईपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही. घरात पाहुणे ताटावर बसलेले असोत की बाहेर रिक्षा उभी असो. दर रविवारी सावजी मटण असलेल्या घरात एकट्याने माळ घातली तर काय होतं, ते मी पाहिलंय. दोन चुली नसल्या तरी दोन भांडी होतात, आणि त्या भांड्यांवरून बोलणी होतात. माळ घेणाऱ्याने घरच्या स्वयंपाकघराशी आधी बोलावं, महाराजांशी नंतर.

मंत्रदीक्षा याच्या अगदी उलट. बाहेर काही दिसत नाही. धंतोलीतला रामकृष्ण मठ १९२८ सालचा. मराठी वाचणाऱ्या कितीतरी घरांत त्यांचं 'जीवन-विकास' मासिक येतं. तिथे मंत्र कोणीही स्वामी देत नाहीत. रामकृष्ण संघाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष किंवा ज्यांना तसा अधिकार दिला आहे असे ज्येष्ठ संन्यासीच देतात. आधी श्रीरामकृष्ण, सारदादेवी आणि विवेकानंदांचं वाचन करायला सांगतात, माणूस खरंच तयार आहे का हे पाहतात, मग तारीख. त्या दिवशी उपाशीपोटी जायचं, फळं-फुलं आणि ऐपतीप्रमाणे दक्षिणा, आणि कानात मिळालेला मंत्र कोणालाही सांगायचा नाही. नवरा-बायकोने एकत्र घेतला तरी एकमेकांना नाही. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ जप. जात, वेश, आडनाव, ताट, यातलं काही सोडायला लावत नाहीत. आणि बंगालातून आलेल्या या परंपरेत मासे खाण्याचा बाऊ नाही.

इथे गृहस्थाची सोय आहे खरी, पण अडचणही त्यातच. माळकऱ्याला गळ्यातली माळ आणि भोवतालची दिंडी सावरून धरते. मंत्रवाल्याला पहाटे उठवणारं दुसरं कोणी नसतं. चार वर्षांनी जप सुटला तर जगाला कळत नाही, आणि आपल्याला मात्र तो सल राहतो. ज्याचा स्वभाव एकलकोंडा आणि शिस्तीचा, त्याला ही वाट मानवते. चार माणसांत मन लागणाऱ्याने माळेकडे वळावं.

आता महानुभाव. त्यांच्याविषयी इतरांना माहिती कमी आणि गैरसमज जास्त आहेत. चक्रधरस्वामी रामटेकच्या यात्रेला म्हणून गुजरातेतून निघाले आणि वाटेत ऋद्धिपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले, अशी पंथाची कथा आहे. म्हणजे आपल्या रामटेकच्या वाटेवरच या पंथाचं मूळ आहे. ऋद्धिपूर अमरावती जिल्ह्यात, नागपूरहून एका दिवसात जाऊन येता येतं. तेराव्या शतकात या मंडळींनी मराठीत धर्म सांगितला आणि बायकांना संन्यास दिला. मराठीतली आद्य कवयित्री महदाइसा त्यांच्यातलीच. या पंथात उपदेश घेतलेला गृहस्थ वासनिक, आणि घर सोडलेला तो भिक्षुक. भेटल्यावर नमस्कार नाही, 'दंडवत प्रणाम'.

उपदेश घेतला की परमेश्वर एक, आणि त्याचे अवतार पाच: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू, चक्रधर. बाकी सगळ्या नुसत्या देवता, परमेश्वर नव्हेत, आणि देवतांची पूजा बंद. मांस-मद्य तर नाहीच. खरी कसोटी भाद्रपदात येते. महालक्ष्म्यांची आंबील, सोळा भाज्या आणि पुरण हे नागपुरी घराचं वर्षाचं मोठं काम. सासूने नवसाने आणलेले मुखवटे असतात, आणि उपदेशी सून त्या पूजेला बसत नाही, त्या नैवेद्याचं जेवत नाही. आख्खं घर महानुभाव असेल तर प्रश्नच नाही, तिथे मला अतिशय शांत, वादविवाद नसलेली घरं दिसली आहेत. एकट्याने घ्यायचा असेल तर मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांशी हे सगळं आधी स्पष्ट बोलावं. "बघू पुढचं पुढे" इथे चालत नाही.

धम्मदीक्षेवर मी जास्त बोलणार आहे, कारण ती याच शहरात घडली आणि ती बाकी तिघींच्या रांगेत नीट बसत नाही. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांनी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं आणि पाच शीलं) दिलं. मग बाबासाहेबांनी स्वतः उभं राहून लाखोंच्या जनसमुदायाला दीक्षा दिली आणि २२ प्रतिज्ञा वदवून घेतल्या. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी जाहीर केलं की प्रत्येक बौद्धाला दीक्षा देण्याचा अधिकार आहे. दीक्षा देण्याचा जो अधिकार बाकी परंपरांत ठरलेल्या माणसांकडेच असतो, तो इथे एका वाक्यात सगळ्यांच्या हाती गेला. कानात काही नाही. सगळं मोठ्याने, उभं राहून, शेजारच्याच्या आवाजात आवाज मिसळून.

आणि त्या प्रतिज्ञा वाचूनच घ्याव्यात. त्यात ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना न मानण्याचं आहे. बुद्ध विष्णूचा अवतार नाही हे आहे. श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याचं आहे, दारू न पिण्याचं आहे, आणि आज आपला नवा जन्म होतो आहे हेही आहे. दारूबद्दल थेट शब्द आहे, मांसाबद्दल तसा वेगळा नाही, प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे इथे ताटापेक्षा देव्हारा आणि तेरवी (तेराव्याचे विधी) हे मोठे प्रश्न. वडील गेल्यावर पिंडदानाला भाऊ बोलावतील तेव्हा काय करणार, हे आज ठरलेलं असलं पाहिजे. काही जण धम्माचं तत्त्वज्ञान आवडतं म्हणून दीक्षा घेतात आणि घरी गणपतीही बसवतात. मला हे प्रतिज्ञांवर अन्याय करणारं वाटतं. तत्त्वज्ञान आवडत असेल तर वाचा, विहारात जा, नागपूरजवळच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं शिबिर करा, त्याला धर्म बदलावा लागत नाही. ज्यांनी माणूस म्हणून उभं राहण्यासाठी ते शब्द उच्चारले, त्यांच्या शेजारी उभं राहून तेच शब्द अर्धे मनात ठेवू नयेत.

दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीवर जाऊन यावं. स्तूपात शिरायची रांग असतेच, पण मी सांगेन पुस्तकांच्या स्टॉलजवळ तासभर उभे राहा. रात्रभर रेल्वेने आलेली बाई पदराची गाठ सोडून नातवाला प्रतिज्ञांची पुस्तिका घेते, आणि तिथेच मांडी घालून त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेते. अडखळला की ती तोंडपाठ पुढचा शब्द सांगते. या दीक्षेत गुरूची जागा कशाने घेतली, ते तिथे कळतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. पहिल्या तीन वाटांत कागद बदलत नाही. धम्मदीक्षेत धर्म बदलतो. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीपासून मिळतात. हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे, त्यामुळे लग्न आणि वारसा यांत एकदम उलथापालथ होत नाही. बाकी प्रवर्गातल्यांनी आपल्या दाखल्यांचं वकिलाला विचारूनच पाऊल टाकावं.

कोणत्याही वाटेवर तीन गोष्टी दिसल्या तर परत फिरावं: दीक्षेचा ठरलेला दर, घरच्यांपासून लपवून भेटायला बोलावणं, आणि "सोडलंस तर वाटोळं होईल" अशी भीती. कान फुंकून पैसे काढणारे आपल्याकडेही आहेत. राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, चमत्काराच्या नावावर फसवणूक होत असेल तर तक्रार करता येते.

गुरूच सापडत नाही म्हणून अडून बसलेल्यांना मी गुलाबराव महाराजांची आठवण देतो. अमरावती भागातले, लहानपणीच दृष्टी गेलेले. त्यांनी गुरू मानला तो थेट ज्ञानेश्वरांना, सहाशे वर्षांपूर्वी समाधी घेतलेल्यांना, आणि स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवून घेतलं. आणि ज्याला दीक्षाच नको, पण रोज काहीतरी हवं, त्याच्यासाठी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आहे. त्यांच्या आश्रमाच्या मोझरीला जायलाच हवं असं नाही, नागपुरात आणि आसपासच्या गावांत ती होते. तिथे कोणी कानात काही सांगत नाही आणि कोणाची जात विचारत नाही.

ठरत नसेल तर दीक्षेआधी नेम धरून पाहावा. माळ मनात असेल तर आषाढीपासून कार्तिकीपर्यंत एकादशी आणि हरिपाठ पाळा, माळ न घालता. मंत्र हवा असेल तर तेवढेच महिने मठाच्या संध्याकाळच्या आरतीला जा आणि घरी रोज ठरल्या वेळी बसा. उपदेशासाठी ऋद्धिपूरला जा, तिथल्या महंतांना घरच्या अडचणी न लपवता सांगा. धम्मासाठी २२ प्रतिज्ञा घरच्यांसमोर मोठ्याने वाचा, एकेक करून, आणि कुठल्या प्रतिज्ञेला आवाज खाली येतो ते बघा. त्या प्रतिज्ञेवर घरात बोलणं पूर्ण झालं की मग विहारात जाऊन भन्तेजींना तारीख विचारा.