संभाव्यतेचा संच: पट उत्तम, पुस्तिका मात्र सांभाळून वाचा

मी गणिताच्या शिकवण्या घेते. संभाव्यतेच्या धड्यात मुलं सूत्रं चटकन पाठ करतात, पण ‘किंवा’ आणि ‘आणि’ समोर आले की मिळवायचं की गुणायचं, हे अंदाजाने ठरवतात. म्हणून हा संच मागवला. बरेच दिवस वापरून झाल्यावरच लिहितेय.

खोक्यात एक लाल आणि एक पांढरा फासा आहे. सहा गुणिले सहा चौकोनांचा जाड पुठ्ठ्याचा पट, मूठभर सोंगट्या, कापडी पिशवीत लाल-निळे मणी, पत्त्यांचा एक जोड, तीन रंगीत कार्डं आणि एक पातळ पुस्तिका आहे. फाशांचं प्लास्टिक जरा हलकं आहे, पण कोपरे नीट घडवलेले आहेत. वस्तूंबद्दल तक्रार नाही.

संचाचा प्राण म्हणजे तो पट. आडव्या ओळी लाल फाशाच्या, उभे स्तंभ पांढऱ्याचे. बेरीज सात येईल त्या चौकोनांवर सोंगट्या ठेवायला सांगितल्या की सहा सोंगट्यांची तिरकी रांग लागते. बेरीज दोनसाठी एकच सोंगटी, तीही कोपऱ्यात. ६/३६ आणि १/३६ हे आकडे मग सांगावेच लागत नाहीत. भाचीने पहिल्याच बैठकीत विचारलं, “मावशी, लाल दोन-पांढरा पाच आणि लाल पाच-पांढरा दोन, बेरीज तर एकच. मग दोनदा का मोजायचं?” मी म्हटलं, दोन्ही चौकोनांवर बोट ठेव. दोन बोटं दोन जागी टेकली आणि प्रश्न मिटला. फासे एकाच रंगाचे असले तरी हिशोब हाच राहतो. आपल्याला ते वेगळे ओळखू येत नाहीत म्हणून ३६ निष्पत्तींच्या (शक्य निकालांच्या) २१ समान निष्पत्ती होत नाहीत. ही शंका बालिश मुळीच नाही. नाणं दोनदा उडवून एकदा तरी छापा येण्याची संभाव्यता ३/४. पण द’अलांबेरसारख्या मोठ्या गणितज्ञाने १७५४ मध्ये ती २/३ मांडली होती. पहिल्याच वेळी छापा आला की खेळ संपला, असं धरून त्याने तीनच शक्यता मोजल्या आणि तिन्हींना सारखंच वजन दिलं. निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, आहेत का, हा प्रश्न भागाकाराच्या आधी विचारायचा असतो. पट तो विचारायला भाग पाडतो.

बेरजेचा नियमही इथेच सर्वांत स्वच्छ दिसतो. ‘दोनपैकी निदान एका फाशावर सहा’ म्हटलं की मुलं लगेच १/६ अधिक १/६ करून १२/३६ सांगतात. पटावर लाल सहाची पूर्ण ओळ भरा, मग पांढऱ्या सहाचा स्तंभ भरा. कोपऱ्यातल्या चौकोनावर दुसरी सोंगटी ठेवायची वेळ येते आणि हात थबकतो. तिथे आधीच एक आहे. उत्तर ११/३६. सामाईक भाग एकदा वजा का करायचा, याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला फळ्यावर कधी देता आलेलं नाही. उरलेले २५ रिकामे चौकोन म्हणजे पूरक घटना, ‘एकाही फाशावर सहा नाही’. एकातून २५/३६ वजा केले तरी तेच ११/३६. ‘निदान एक’ दिसलं की आधी ‘एकही नाही’ मोजायची सवय यातून लागते. पुस्तिकेने इथून पुढे चांगली उडी घेतली आहे: एक फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा येण्याची संभाव्यता १ − (५/६)⁴, म्हणजे ६७१/१२९६, सुमारे ५१.८ टक्के. दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा जोडीने सहा-सहा येण्याची मात्र सुमारे ४९.१ टक्के. पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांच्या १६५४ च्या पत्रव्यवहारामागे फाशांचे असेच प्रश्न होते. त्या पानावर आम्ही बराच वेळ रेंगाळलो.

आता पुस्तिकेच्या चुका. पहिली मला खरोखर खटकली. चौकटीत ठळक अक्षरांत छापलंय: “‘आणि’ असेल तर गुणा.” अट कुठेच नाही. पुढच्याच पानावर पिशवीत तीन लाल, दोन निळे मणी ठेवून एकामागून एक दोन काढायला सांगितलेत. पहिला मणी परत टाकला तर दोन्ही लाल येण्याची संभाव्यता ३/५ × ३/५ = ९/२५. न टाकता काढला तर ३/५ × २/४ = ३/१०. दोन्हीकडे गुणाकारच आहे, पण दुसऱ्या अपूर्णांकात आधी काय घडलं ते धरावं लागतं. सशर्त संभाव्यतेचं दार इथेच उघडतं आणि पुस्तिका ते न उघडता पुढे जाते. मी त्या चौकटीत पेनाने लिहून ठेवलं: ‘दुसरी संभाव्यता पहिली घटना घडल्यावरची घ्या.’

दुसरी चूक पत्त्यांची. एक्का आणि बदाम या घटना स्वतंत्र आहेत, म्हणजे एकीमुळे दुसरीची शक्यता बदलत नाही, हे ५२ पानांत खरं आहे: ४/५२ × १३/५२ बरोबर १/५२, आणि बदामाचा एक्का येण्याची संभाव्यताही तीच. पण जोडात दोन जोकर आहेत आणि ते काढा असं कुठेही लिहिलेलं नाही. ५४ पानांत ४/५४ × १३/५४ हा गुणाकार १/५४ पेक्षा किंचित कमी भरतो, म्हणजे स्वातंत्र्य गेलं. मी हा दोष मुद्दाम वापरते. आधी जोकरांसकट गणित करायला लावते, मग ते बाजूला काढून पुन्हा.

तिसरी चूक मुलांचा विश्वास घालवणारी आहे. ‘फासा ६० वेळा टाका, प्रत्येक अंक १० वेळा येईल.’ येत नाही. बरोबर १० वेळा सहा येण्याची संभाव्यता जेमतेम १४ टक्के आहे. सात किंवा तेरा वेळा आला तरी त्यात वावगं काही नाही. मुलं मात्र फासाच खोटा ठरवतात.

तीन कार्डांचा खेळ शेवटी आहे आणि तो सुरेख मांडलाय. एक दोन्हीकडून लाल, एक दोन्हीकडून पांढरं, एक लाल-पांढरं. न बघता एक काढून टेबलावर ठेवायचं. वरची बाजू लाल दिसली तर खालची लाल असण्याची संभाव्यता किती? सगळे निम्मी म्हणतात. ती २/३ आहे. पुस्तिका बाजू मोजायला लावते, कार्डं नाही: लाल बाजू तीन, त्यांतल्या दोघींच्या पाठी लाल. पटावर लागलेली सवय इथे कामी येते.

अपूर्णांकांचा गुणाकार जमणाऱ्या कुणीही हा संच घ्यावा, मोठ्यांनीसुद्धा. सोबत शिकवणारं कुणी नसेल तर आधी पटावरचे सगळे प्रश्न सोडवा, मण्यांचं पान वहीत दोन्ही रीतींनी करा आणि ६० फेकांचं पान सोडून द्या.