उपास, सोळा-आठ की आधी खर्रा बंद? खेड्यातल्या खिशाला काय परवडतं

स्वतःत काही बदल करायचा म्हटलं की आता खेड्यातही पहिली गोष्ट उपासाचीच निघते. मोबाईलवर कुणी सोळा तास उपाशी राहून पोट उतरवलेलं दाखवतो, घरात आजी एकादशी धर म्हणते आणि तालुक्याच्या गावी पावडरचे डबे विकणारे ‘आधी फुकटात वजन करून पाहू’ म्हणत खुर्चीत बसवतात. डब्यांचा विषय इथेच संपवतो. ज्या प्रथिनांसाठी हजारो रुपये मोजायचे, ती हरभरा, शेंगदाणा आणि अंड्यात मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शनातही प्रथिनांच्या पावडरी टाळायलाच सांगितलं आहे.

बाकीच्या पर्यायांत मात्र निवड करावी लागते. माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे वाचवायचे असतील तर जेवण सोडू नका, टपरीवरचा खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) सोडा. आणि उपासच करायचा असेल तर तो रात्रीच्या बाजूनं वाढवा, सकाळच्या नाही.

फराळाची एकादशी की घड्याळाचा उपास?

उपासानं पैसे वाचतात हा समज आधी तपासू. आपल्याकडे बहुतेक घरांत गहू-तांदूळ रेशनचा येतो. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून तोही फुकट. ज्वारी किंवा तूर घरच्या वावरातली असली तर वरण-भात आणि भाकरीचं ताट जवळजवळ बिनपैशाचं पडतं. साबुदाणा मात्र दुकानातूनच आणावा लागतो. तो टॅपिओकाच्या कंदापासून बनतो आणि बराचसा तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो. त्यात शेंगदाणे, तूप, बटाटा, वर केळी धरली तर उपासाच्या दिवशीचं ताट रोजच्या ताटापेक्षा महागच होतं. एवढं करून पोटात काय जातं? 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण 350 कॅलरी असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. खिचडीत जे काही बळ असतं ते शेंगदाण्याचं. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्याच माणसांनी आपल्याला बघून म्हटलेलं आहे.

सोळा-आठमध्ये खर्च शून्य. दिवसातल्या आठ तासांत जेवायचं, उरलेले सोळा तास पाणी किंवा बिनसाखरेचा कोरा चहा. ऐकायला सोपं आहे आणि काही जणांना ते खरंच सोपं जातं. पण व्हिडिओतले दावे जरा हात राखून घ्या. 2022 मध्ये चीनमधल्या ग्वांगझूतला एक वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 139 जाड माणसांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या, फक्त निम्म्यांना आठ तासांचं बंधन घातलं. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक नव्हता. मतलब असा की वजन उतरतं ते कमी खाल्ल्यानं, घड्याळानं नाही. घड्याळ फक्त कमी खायला भाग पाडतं. ‘उपासानं पेशी स्वतःला साफ करतात, त्याला नोबेल मिळालं’ असंही सांगितलं जातं. 2016 चं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळालं हे खरं, पण त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं होतं. कोणत्या माणसानं किती तास उपाशी राहावं हे त्यातून निघत नाही.

तरीही एका बाबतीत एकादशी सोळा-आठला सहज हरवते, आणि ती बाब आपल्या गावांत फार मोठी आहे. ‘उपास हाय’ म्हटलं की कुणी आग्रह करत नाही. सोळा-आठ धरलेल्या माणसानं सकाळी कुणाच्या घरी चहा नाकारला, की ‘काहून बाप्पा, काही राग आला का?’ इथून सुरुवात होते. दूधसाखरेच्या एका कपानं तो उपास मोडतो, आणि गावात अशा एका कपाचे दिवसातून चार होतात.

म्हणून ज्यांच्या घरात उपास आहेच, त्यांनी तो सोडून नवीन काही धरायची गरज नाही. फक्त ताट बदला. साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, एखादं रताळं, वाटीभर दही किंवा ताक. महिन्यात दोन एकादश्या आणि एक संकष्टी एवढंच नीट केलं तरी पुरे.

दोनदा जेवणं की रात्रीचं लवकर जेवणं?

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा दोनदा जेवायचा मार्ग महाराष्ट्रात घरोघर पोचला. त्याचं मूळ ते डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानाकडे नेतात, म्हणजे आपल्या विदर्भातल्या काटोलकडच्या माणसाकडे. नियम थोडके: खरी भूक लागते अशा दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं, मध्ये काही खायचं नाही, आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. सुरू करायच्या आधी रक्ततपासणी करायला सांगतात, ती टाळू नका. एवढ्या प्रसिद्ध पर्यायांत हा मला खेड्याच्या सगळ्यात जवळचा वाटतो. सकाळी नऊ-दहाला पोटभर जेवून वावरात जायचं आणि रात्री परत आल्यावर जेवायचं, हे आपल्याकडे होतंच. मधल्या काळात भर पडली ती बसस्टँडवरच्या आलुबोंड्याची, तर्री-पोह्याची, बिस्किटांची आणि पोरांच्या नावानं आणलेल्या कुरकुऱ्यांची.

पण दिवसभर निंदण किंवा वेचणी करणाऱ्या बाईला, डवरे हाकणाऱ्या माणसाला दुपारची शिदोरी सोडायला मी सांगणार नाही. दोन जेवणांचा नियम बसून काम करणाऱ्यांना मानवतो: दुकानदार, ग्रामपंचायतीतला ऑपरेटर, शिक्षक, घरी बसलेले म्हातारे. मजुराच्या अंगाला दुपारी इंधन लागतं.

त्यापेक्षा सगळ्यांना जमेल असा एक साधा पर्याय आहे आणि त्याला नाव नसल्यामुळे त्याचे व्हिडिओ निघत नाहीत. संध्याकाळी सातपर्यंत जेवायचं आणि सकाळी सात-आठपर्यंत काही खायचं नाही. बारा-तेरा तास आपोआप होतात, त्यातले बरेच झोपेत जातात. जैनांकडे सूर्यास्तापूर्वी जेवायची रीत आहेच. बौद्ध घरांत पावसाळ्यातल्या वर्षावासात उपोसथाला, म्हणजे व्रताच्या दिवशी, अष्टशील (आठ नियम) घेणारे तर दुपारनंतर काहीच खात नाहीत. आपण सातवर थांबलो तरी चालतं. शिदोरी शाबूत राहते, चहाचं निमंत्रण मोडावं लागत नाही, आणि रात्री टीव्हीसमोरचा चिवडा तेवढा जातो.

यातही एक अडचण आहे. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत शेतपंपाची लाईन पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री असते. रात्रीची पाळी आली की माणूस मध्यरात्री वावरात उभा, थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत. अशा आठवड्यात नियम बाजूला ठेवा आणि डब्यात भाकर न्या. ज्यांच्याकडे सौर पंप आला त्यांची यातून सुटका झाली.

उपास की खर्रा बंद?

माझ्या लेखी सगळ्यात मोठी निवड ही आहे, आणि तीच कुणी मांडत नाही. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीवर घोटून तयार. 2012 पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण टपरीवर डोळ्यांसमोर घोटून मिळणारा खर्रा आपल्या गावांतून हलला नाही. तुमच्या टपरीचा भाव तुम्हाला ठाऊक. वीस रुपयांचा एक आणि दिवसाला तीन धरले तरी महिन्याचे 1800, वर्षाचे जवळपास 22 हजार. अंडं सात रुपयांचं धरलं तर चार माणसांच्या घरात रोज प्रत्येकाला एक अंडं देऊनही त्यातले निम्म्याहून जास्त पैसे उरतात. कोणताही उपास एवढी बचत करून देत नाही.

तब्येतीचा हिशेबही तसाच. तंबाखू वगळली तरी नुसती सुपारीच कर्करोग करणाऱ्या पदार्थांत मोडते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तिला त्या यादीत घातलं आहे. तोंड हळूहळू कमी उघडायला लागणं, तिखट न सोसणं ही लक्षणं गावोगाव दिसतात आणि लोक ‘दाढ दुखत असंल’ म्हणून सोडून देतात.

आता खरी मेख. निकोटिन भूक मारतं. त्यामुळे तोंडात खर्रा धरून सोळा तास काढणारा माणूस ‘मले काही त्रासच होत नाही’ म्हणतो ते खोटं नसतं, पण तो उपासही नसतो. उलट खर्रा आणि जेवण दोन्ही एकदम सोडायला गेलात तर चिडचिड, डोकेदुखी आणि भूक एकाच वेळी अंगावर येतात, आणि तिसऱ्या दिवशी पावलं टपरीकडे वळतात. म्हणून क्रम ठरवा: आधी खर्रा, त्या काळात पोटभर जेवण, आणि तो सुटून काही आठवडे झाल्यावरच उपासाचा विचार. तलफ येते तेव्हा ती काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात बडीशेप, भाजलेला ओवा, पाण्याचा तांब्या किंवा गावाबाहेरची एक चक्कर, जे जमेल ते. एकट्यानं जमत नसेल तर 1800-11-2356 हा सरकारी तंबाखूमुक्ती क्रमांक आहे, फोनचा खर्च नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वाचकांसाठी 2016 पासून दारू आणि तंबाखूविरुद्ध मुक्तिपथ अभियान चालू आहे.

खर्रा न खाणाऱ्यांसाठी त्याच जागी साखर ठेवा. चार कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे दिवसाला सुमारे 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना जमलं तर 25 च्या आत राहा म्हणते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला तर जिभेला कळतही नाही.

नेम एकट्याचा की चारचौघांतला?

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 96 माणसांवर पाहिलं, तर सवय अंगी लागायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. आपल्याकडचा चातुर्मासाचा नेम आषाढी ते कार्तिकी, म्हणजे जवळपास चार महिने. मुदत बघितली तर जुनी माणसंच जास्त व्यवहारी निघाली. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडत नाही. इथे आपली रीत आडवी येते. खंड पडला की नेम मोडला, आता पुढच्या वर्षी, असं आपण धरून चालतो. मुदत चातुर्मासाची घ्या आणि माफी लंडनची.

ॲपवर दिवस मोजण्यापेक्षा सोबत बरी. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची प्रार्थना बऱ्याच गावांत अजून चालते. पहाटे उठायची सवय लावायची असेल तर तिथे चार माणसं वाट बघत असतात. भजनाची गोडी नसेल तर भरतीची पोरं 1600 मीटरचा सराव करतात त्या मैदानावर जा. त्या पोरांना मात्र उपासाच्या वाटेला लावू नका. धावून आल्यावर त्यांना भिजवलेला हरभरा आणि अंडी हवीत.

जेवण कुणी सोडूच नये?

घरात सगळ्यात जास्त उपास बाईचे आणि सगळ्यात शेवटी जेवणारीही तीच. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आहे. त्यांच्यासाठी फुकटातली सवय वेगळीच: जेवणाला लागून चहा घेऊ नये, तासभर जाऊ द्यावा, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. आणि वरणावर लिंबू पिळावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हरतालिकेचाही निर्जळी उपास धरू नये.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच आहेत. त्यांना पाणी कमी पडलं की वेदनेचा झटका येऊ शकतो, त्यामुळे निर्जळी त्यांच्यासाठी नाहीच. तशी ती मे-जूनच्या उन्हात कुणासाठीच नाही. निर्जळी एकादशी नेमकी ज्येष्ठात येते, आणि तेव्हा चंद्रपूर-अकोल्याचा पारा 45 च्या आसपास असू शकतो. उन्हात काम असेल तर आंबील, पन्हं, ताक घ्या, देव समजून घेईल. फवारणीच्या दिवशी उपाशीपोटी पंप पाठीला लावू नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली ते सगळ्यांना आठवत असेल.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाची वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम खाली जाऊन माणूस वावरातच कोसळू शकतो. तिशीनंतर बीपी आणि शुगरची तपासणी उपकेंद्रात फुकट होते. जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, नाव आठवलं नाही तरी पाकीट बघून तिथले लोक सांगतात.