स्ट्रेस थॅलियम करावी, की स्ट्रेस इको, की सीटी अँजिओ?

डॉक्टरांनी स्ट्रेस थॅलियम (हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोचतंय का ते बघणारा स्कॅन) लिहून दिली की घरात पहिला प्रश्न, रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषध टोचणार म्हणजे पुढे कॅन्सर तर नाही ना होणार? गंमत अशी की कागदावर थॅलियम असलं तरी सुईतून बरेचदा टेक्नेशियम हे दुसरं रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषधच जातं, जुनं नाव चिकटून राहिलंय. त्यामुळे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या.

कारण फरक पडतो. टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, थॅलियमला त्यासाठी ७३ तास लागतात. दोन्ही स्कॅन (एक आरामात असताना, एक ट्रेडमिलने किंवा औषधाने हृदयावर ताण देऊन) मिळून टेक्नेशियमचा डोस साधारण १० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक), थॅलियमचा १५ किंवा जास्त, आणि काहीही न करता निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. १० मिलिसिव्हर्टमागे हजारात एखादा जास्तीचा कॅन्सर, तोही पुढच्या सगळ्या आयुष्यात, असा अंदाज आहे, आणि तो मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्या लोकांच्या आकड्यांवरून बांधलेला.

ही भीती उगाच नाही म्हणा. १९३० च्या सुमारास एक्स-रेसाठी थोरोट्रास्ट नावाचं थोरियमचं औषध टोचायचे, ते लिव्हरमध्ये जन्मभर बसून राहायचं आणि वीस-तीस वर्षांनी लिव्हरचा कॅन्सर व्हायचा. पण आत्ताची औषधं अशी मुक्काम ठोकून बसत नाहीत.

सीटी अँजिओत, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषध नसतं, पण एक्स-रे असतातच, नवीन मशीनवर डोस कमी, जुन्यावर बऱ्यापैकी, शिवाय डाय देतात म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघावं लागतं. स्ट्रेस इकोत, म्हणजे ताण देऊन केलेल्या हृदयाच्या सोनोग्राफीत, रेडिएशन शून्य, फक्त जाड माणसाचं किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्याचं चित्र कधीकधी नीट दिसत नाही.

माझं मत विचाराल तर पस्तिशी-चाळिशीत, त्यातही बाईमाणूस असेल तर आधी इको होते का ते बघा, कारण पुढे आयुष्य पडलंय. सत्तरीत हा कॅन्सरचा हिशोब जवळपास सोडून द्या, तिथे ब्लॉकेज वेळेत कळणं जास्त महत्त्वाचं. माझी आई ७१ ची, गुडघ्यांमुळे ट्रेडमिल जमेना म्हणून औषध देऊन स्ट्रेस थॅलियम केली. सिरिंज जाड धातूच्या नळकांड्यात आली तशी म्हणते, "एवढं झाकून आणलंय ते मला टोचणार होय?" मग तिला दूध नि ब्रेड-बटर खायला लावलं, लिव्हरमधून औषध लवकर निघून जावं म्हणून, ते मात्र तिने आनंदाने खाल्लं.

अजून एक विचारा, स्ट्रेसचा स्कॅन आधी घेता येईल का. तो नॉर्मल आला तर काही ठिकाणी दुसरा घेतच नाहीत, तेवढा डोस वाचला.