किडनीच्या वृद्ध रुग्णाची फ्रेल्टी मोजायला कोणती पद्धत घ्यावी?

किडनीच्या ओपीडीत सत्तरीपुढच्या रुग्णाचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला घटक) दर खेपेला पाहिलं जातं. खुर्चीतून उठताना त्याला हात टेकावे लागतात का, हे क्वचितच कुणी लिहून ठेवतं. डायलिसिस झेपेल का, ऑपरेशन करावं का, हे ठरवताना मात्र ही दुसरी नोंद फार उपयोगी पडते. फ्रेल्टी म्हणजे शरीराची गंगाजळी आटणं. साध्या जुलाबानेही असा माणूस अंथरूण धरतो आणि पुन्हा पहिल्यासारखा उभा राहत नाही.

रोजच्या गर्दीत सगळ्यात आधी परवडतो तो क्लिनिकल फ्रेल्टी स्केल. 1 ते 9 अंक, साधन काही नाही, पाच मिनिटांच्या आत काम. स्वयंपाक, औषधं, पैशांचे व्यवहार यांत मदत लागत असेल तर 5, आंघोळीला मदत लागू लागली की 6, स्वतःच्या शरीराच्या सगळ्याच कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असेल तर 7. एक चूक हमखास होते: तक्त्यातली काठी किंवा व्हीलचेअरची चित्रं पाहून अंक दिला जातो, खालचं वर्णन वाचलं जात नाही. दुसरी चूक म्हणजे रुग्ण न्यूमोनियाने दाखल असताना त्याची आजची अवस्था मोजणं. आजारी पडण्याच्या दोन आठवडे आधी तो कसा होता ते विचारायचं, आणि शक्यतो घरच्यांनाही विचारायचं. ‘माझं मी सगळं करतो’ हे उत्तर अभिमानातून येतं. हा स्केल 65 च्या पुढच्यांसाठी आहे. पोलिओसारखं जुनं अपंगत्व असलेल्या तरुणाला तो लावू नये.

अमेरिकी संशोधक लिंडा फ्राइड यांची 2001 ची पाच निकषांची पद्धत याउलट मोजमापावर चालते: वर्षभरात नकळत 4.5 किलोच्या वर वजन घटणं, थकवा, हाताच्या पकडीची कमी ताकद, चालण्याचा मंद वेग, कमी हालचाल. तीन किंवा अधिक निकष जुळले तर फ्रेल, एक-दोन जुळले तर उंबरठ्यावर. संशोधनासाठी ती उत्तम आहे, पण किडनीच्या रुग्णात नेमकी इथेच गोची होते. पायावर सूज चढते तेव्हा अंगातलं मांस झडलेलं काट्यावर दिसतच नाही, म्हणून डायलिसिसवरच्या रुग्णाचं ड्राय वेट (जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) धरावं लागतं. थकवा हिमोग्लोबिन उतरल्यामुळेही असतो. पकड फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हाताने तपासायची. त्यात पकडीचा जोर मोजणारा डायनॅमोमीटर हवा, तो सगळीकडे नसतो. रोजच्या कामासाठी ही पद्धत निवडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा एसपीपीबी (शॉर्ट फिजिकल परफॉर्मन्स बॅटरी) ही हालचालींची छोटी चाचणी बरी: तोल, चार मीटर चालणं आणि खुर्चीतून पाचदा उठणं. एकूण 12 गुण, साधारण दहा मिनिटं. गडबड होते ती खुर्चीच्या भागात. खुर्ची बिनहाताची, भिंतीला टेकवलेली. रुग्णाचे दोन्ही हात छातीवर घडी करून. ‘सुरू’ म्हटल्यावर घड्याळ चालू करायचं आणि पाचव्यांदा सरळ उभं राहिल्यावर थांबवायचं, परत बसल्यावर नाही. आधी एकदा हात न लावता उठवून पाहावं. तेवढंही जमलं नाही तर पुढची मोजणी करू नये. 15 सेकंदांहून जास्त लागले तर मांड्यांत जोर कमी आहे. चार मीटर चालायला पाच सेकंद म्हणजे वेग 0.8 मीटर प्रति सेकंद. त्याहून हळू चाल काळजीची. डायलिसिस संपताच ही चाचणी घेतली तर रक्तदाब उतरलेला असतो, आकडा वाईट येतो, शिवाय पडण्याचा धोका. डायलिसिसच्या आधी किंवा मधल्या दिवशी घ्यावी, आणि दरवेळी त्याच वेळी.

वरच्या तिन्ही पद्धती ‘किती’ ते सांगतात. ‘का’ आणि ‘आता काय’ हे सांगतं सर्वांगीण वृद्ध-तपासणी. तिला तासभर किंवा जास्त वेळ लागतो, एकट्या डॉक्टरचं ते काम नाही, म्हणून सगळ्यांना ती करता येत नाही. तिच्यात औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करून घेणं हा सर्वांत फलदायी भाग. नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेन्टिन किंवा प्रीगाबालिन किडनीवाटे बाहेर पडतं. डोस कमी केला नाही तर रुग्ण पेंगतो, धडपडतो आणि लोक त्याला म्हातारपण समजतात. मग पाच मिनिटं आडवं ठेवून, उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी रक्तदाब. वरचा आकडा 20 ने घसरला तर गोळ्या तपासायच्या. स्मरणशक्ती, उदासी, जेवण, घरात कोण सांभाळतं, हेही त्यातच. आणखी एक मेख: मांस कमी असलेल्या माणसात क्रिएटिनिन मुळातच कमी येतं, त्यामुळे त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) फसवा चांगला दिसतो. शंका आली तर सिस्टॅटिन सी ही मांसावर फारशी न अवलंबणारी रक्ततपासणी करून घ्यावी.

कर्मचारी मोजके असतील तर 65 च्या पुढच्या प्रत्येकाला क्लिनिकल फ्रेल्टी स्केल लावावा, 4 आला तर खुर्ची आणि चार मीटर, 5 किंवा वर आला तर सर्वांगीण तपासणी. हॉस्पिटलातून घरी गेलेल्याचा जुना अंक धरू नये. पुढच्या भेटीत नव्याने मोजावा आणि कागदावर अंकाशेजारी तारीखही घालावी.