नव्या आईबाबांच्या छंदासाठी ६० मिनिटांचा चकती टायमर

रंगीत चकती मिनिटागणिक लहान होत जाते, एवढंच याचं काम. पण ते नेमकं हवं तसं. विणकाम किंवा चित्र हातात असताना नजर टाकली की उरलेला वेळ कळतो, मोबाइल उचलावा लागत नाही (तो उचलला की वेळ गेलाच म्हणून समजा).

तान्ह्या बाळाचं झोपेचं एक चक्र साधारण ४० ते ५० मिनिटांचं असतं. म्हणून बाळ गाढ झोपल्यावर चकती ३० वर लावावी: ३ मिनिटं मांडामांड, २२ मिनिटं काम, ५ मिनिटं आवराआवर. आवरायचा वेळ धरला नाही तर सुया, कात्री, रंग तसेच उघडे राहतात.

घेताना आवाज बंद करायचं बटण आहे का, ते आधी बघा. काहींना ते नसतंच, आणि शेवटच्या पिपीने बाळ हमखास उठतं. चावीचा टायमर नकोच. टिकटिक सतत, शिवाय कमी मिनिटांसाठी चकती आधी बरीच पुढे फिरवून मागे आणावी लागते; नाहीतर स्प्रिंग पुरेशी ताणली जात नाही आणि घंटा वाजेलच असं नाही. सेलवरचा घ्या, सेलचं झाकण मात्र स्क्रूने बंद होणारं हवं. टायमरच्या वेळेत एखाद्या मिनिटाचा फरक पडला तर बिघडत नाही.