दुबईचा स्मार्ट रेंटल इंडेक्स: शहर सोडायचं ठरवण्याआधी हा आकडा काढा

दुबईतल्या मराठी बिऱ्हाडांत 'शारजाला जायचं की सरळ पुण्याला परतायचं' ही चर्चा बहुतेक वेळा एका मेसेजने सुरू होते. करार संपत आलेला असतो आणि एजंट कळवतो, पुढच्या वर्षी भाडं इतकं. तो आकडा पक्का धरून लोक थेट ट्रकवाल्याला फोन लावतात. त्याआधी दहा मिनिटं काढून दुबई लँड डिपार्टमेंटचा स्मार्ट रेंटल इंडेक्स, म्हणजे तुमच्यासारख्या घराचं सरासरी भाडं आणि किती वाढ चालते हे दाखवणारा सरकारी निर्देशांक, बघायला हवा. सेवा फुकट आहे आणि चालू घराच्या भाडेवाढीपुरती अतिशय कामाची आहे. नव्या घरासाठी मात्र तिचा जवळजवळ उपयोग नाही. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळेच अनेकांचं गणित चुकतं.

इंडेक्स डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर आणि दुबई रेस्ट ॲपमध्ये आहे. सोबत इजारीचा कागद ठेवा. (इजारी म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी. आपल्या जुन्या दस्तांतला 'इजारा' याच अरबी शब्दावरून आलेला.) घराचा प्रकार, खोल्या, करार संपण्याची तारीख आणि चालू वार्षिक भाडं इजारीवर जसं आहे तसंच भरा. एजंटने जाहिरातीत 'वन प्लस स्टडी' लिहिलं असेल, पण इजारीवर एकच बेडरूम असेल, तर एकच धरा. इथे चूक झाली की तुलना दुसऱ्याच घराशी होते.

जानेवारी 2025 पासून इंडेक्स इमारतीच्या पातळीवर चालतो. आधी एका भागातल्या नव्या-जुन्या सगळ्या इमारती एकाच मापाने मोजल्या जायच्या. आता इमारतीची अवस्था, देखभाल, सोयी बघून तिला एक ते पाच तारे मिळतात. जुन्या, दोन ताऱ्यांच्या इमारतीत राहणाऱ्याला शेजारच्या चकचकीत टॉवरचं भाडं दाखवून वाढ मागणं त्यामुळे अवघड झालं. ही सुधारणा मनापासून आवडली. पण तारे इमारतीला मिळतात, फ्लॅटला नाही. गळकं बाथरूम आणि खडखडणारा एसी असलेला तुमचा फ्लॅट चांगल्या इमारतीत असेल, तर इंडेक्स तुमच्या बाजूने बोलेलच असं नाही.

आता मुख्य हिशोब. 2013 च्या 43 क्रमांकाच्या आदेशाने वाढीची कमाल मर्यादा ठरवली आहे. तुमचं भाडं बाजाराच्या सरासरीपेक्षा 10 टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ शून्य. 11 ते 20 टक्के कमी असेल तर 5 टक्के, 21 ते 30 ला 10 टक्के, 31 ते 40 ला 15 टक्के आणि 40 च्या पुढे जास्तीत जास्त 20 टक्के. समजा भाडं 60,000 दिरहॅम आहे, एजंट 75,000 मागतोय आणि सरासरी 80,000. फरक 20,000. हा फरक सरासरीने भागायचा, म्हणजे 25 टक्के आणि वाढ 10 टक्के. नवं भाडं 66,000. घाईत तोच फरक स्वतःच्या भाड्याने भागला तर 33 टक्के येतात, वाढ 15 टक्के दिसते आणि भाडं 69,000 होतं. भागाकार कशाने केला एवढ्यावर वर्षाचे 3,000 दिरहॅम जातात. एजंटने टक्केवारी सांगितली तर ती कशाच्या तुलनेत काढली हे आधी विचारा.

इंडेक्सने वाढ दाखवली म्हणजे ती आपोआप लागू होत नाही. भाडं किंवा इतर अटी बदलायच्या असतील तर करार संपण्याच्या किमान 90 दिवस आधी कळवावं लागतं, करारात वेगळं ठरलं नसेल तर. करार 31 मार्चला संपत असेल तर 31 डिसेंबरपर्यंत. जानेवारीच्या मध्यावर आलेल्या 'रिव्हाइज्ड रेंट'च्या मेसेजला नम्रपणे मुदतीची आठवण करून द्यावी, पण आधी स्वतःच्या करारातलं कलम वाचून.

इंडेक्स पुढे केल्यावर 'मग घर रिकामं करा, मुलगा राहायला येणार आहे' असं उत्तर कधीकधी येतं. स्वतःच्या वापरासाठी किंवा विक्रीसाठी घर हवं असेल तर मालकाला 12 महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने. व्हॉट्सॲपवरचा मेसेज त्यात धरला जात नाही. स्वतःसाठी म्हणून रिकामं करून घेतलेलं राहतं घर मालकाला दोन वर्षं भाड्याने देता येत नाही. मालक भाड्याचा चेकच घेत नसेल तर हात बांधून बसू नका. भाडं थकल्याची 30 दिवसांची नोटीस आली तर बाजू तुमच्यावर उलटते. भाड्याचे वाद सोडवणाऱ्या रेंटल डिस्प्यूट्स सेंटरमध्ये रक्कम जमा करण्याची सोय आहे. रीतसर दाव्याची फी वार्षिक भाड्याच्या 3.5 टक्के, किमान 500 दिरहॅम. आपल्या उदाहरणात 2,100. वाद 9,000 चा असेल तर दावा परवडतो, दीड हजाराचा असेल तर बोलून मिटवलेलं बरं.

इंडेक्सची मर्यादा सगळ्यात जास्त बोचते ती नव्या कराराला. वरची टक्केवारी चालू भाडेकरूसाठी आहे. घर सोडलंत की ते संरक्षण तिथेच राहतं आणि नव्या घराला बाजारभाव मोजावा लागतो. त्याच भागात 80,000 चं घर घेतलंत तर एजंटचं 5 टक्के कमिशन 4,000, अनामतही साधारण तेवढीच, वर इजारी आणि ट्रक. रागाच्या भरात केलेला हा बदल बहुतेक वेळा तोट्याचाच ठरतो.

शारजाचं गणित वेगळं आहे. तिथे 48,000 चं घर मिळालं असं धरू. एजंटने मागितलेल्या 75,000 शी तुलना केली तर बचत 27,000 दिसते. इंडेक्सच्या 66,000 शी केली तर 18,000. निर्णय या दुसऱ्या आकड्यावर घ्यायला हवा. दुबईत 'देवा'च्या (DEWA), म्हणजे वीज-पाणी खात्याच्या बिलात भाड्याच्या 5 टक्के हाउसिंग फी असते. 66,000 ला वर्षाला 3,300. ती वाचेल. पण सालिकचा, म्हणजे दुबईच्या रस्त्यांवरचा टोल गर्दीच्या वेळी 6 दिरहॅम आहे. सकाळ-संध्याकाळ एकेकदा गेट ओलांडलं तरी 22 दिवसांचे 264, वर्षाचे 3,168. वाचलेली फी तिथेच गेली. नवरा-बायको दोघं दोन गाड्यांनी जात असतील तर दुप्पट, पेट्रोल आणि दुबई-शारजाला जोडणाऱ्या इत्तिहाद रोडवरचा रोजचा वेळ वेगळा. शारजाची जमेची बाजू म्हणजे 2024 च्या कायद्याने कराराच्या पहिल्या तीन वर्षांत मालकाला भाडं वाढवता येत नाही. बरीच वर्षं राहायचं असेल तर याला मोल आहे.

भारतात परतण्याच्या निर्णयात इंडेक्सचं काम एवढंच, की एक वर्ष थांबायला किती पडेल हे तो नेमकं सांगतो. समोर ग्रॅच्युइटी मांडून बघा. पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार, पुढे 30 दिवसांचा. मूळ पगार 6,000 आणि आठ वर्षं नोकरी असेल तर 195 दिवसांचे 39,000. हातात येणाऱ्या पूर्ण पगारावर हिशोब केला तर आकडा फुगतो.

इथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून करार मार्चअखेर संपेल असा असलेला बरा. मधेच सोडलं तर कायदा सूट देत नाही. करारात जे लिहिलंय ते भरावं लागतं, बरेचदा दोन महिन्यांचं भाडं. आणि भाड्यापोटी आधीच दिलेले पुढच्या तारखांचे उरलेले चेक मोजून हातात परत आल्याशिवाय किल्ली देऊ नका. खातं बंद झाल्यावर त्यातला एखादा चेक बँकेत टाकला गेला, तर ते निस्तरायला पुण्याहून वकील शोधावा लागतो.