पहिली व्हॉलीबॉल टूर्नामेंट: कुठले बूट, कुठले नी-पॅड आणि आपण तिथे थांबायचं की नाही

पोरांच्या पहिल्या टूर्नामेंटची तारीख कळली की आपल्याला वाटतं आता ढीगभर खरेदी करायची, पण खरं सांगू का, ठरवायच्या गोष्टी चार-पाचच असतात आणि त्यातही हात सैल सोडावा अशी एकच, ती म्हणजे बूट. बाकीच्यात मी काय काय घोळ घातले ते येईलच पुढे.

तर बूट. घरात रनिंग शूज आहेत, ते चालवून घ्यायचे की कोर्ट शूज घ्यायचे? रनिंग शूज सरळ पुढे धावायला बनवलेले असतात, टाच उंच आणि मऊ, आणि व्हॉलीबॉलमध्ये पोरं सरळ धावतात कुठे, बाजूला सरकतात, झटकन थांबतात, उडी मारून खाली येतात, त्यात त्या उंच टाचेवरून घोटा मुरगळायची भीती असते. कोर्ट शूज बसके, सोल गम रबरचा, लाकडी फ्लोअर घट्ट धरतो. खास व्हॉलीबॉलचेच पाहिजेत असं काही नाही, बॅडमिंटनचे नॉन-मार्किंग, म्हणजे फ्लोअरवर डाग न पाडणारे, बूटही पहिल्या वर्षाला पुरतात. पण मॅचेस मातीवर किंवा सिमेंटवर असतील तर गम सोल पटापट झिजतो, तिथे पायात नीट बसणारे साधे स्पोर्ट्स शूजच बरे. म्हणून दुकानात जायच्या आधी कोचला एवढंच विचारा, इनडोअर की आउटडोअर. वाढता पाय म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, आत पाय सरकतो आणि फोड येतात. आणि नवे कोरे बूट डायरेक्ट मॅचला तर अजिबात नको, दोन-तीन आठवडे प्रॅक्टिसला वापरून सैल होऊ देत. इनडोअर असेल तर हॉलपर्यंत चपला घालून न्यायचं, बूट पिशवीत, कारण सोलला धूळ लागली की ग्रिप गेलीच म्हणून समजा.

नी-पॅडमध्ये दोन प्रकार, जाड फोमचे आणि पातळ स्लीव्हसारखे. पातळ दिसायला भारी, मोठी मुलं तेच घालतात म्हणून आपल्यालाही तेच हवे असतात, पण नवशिकी पोरं डाइव्ह करत नाहीत, सरळ गुडघ्यावर आपटतात, त्यामुळे माझं मत जाडच. साइझ मात्र गुडघ्याचा घेर टेपने मोजूनच घ्या. मी अंदाजाने घेतले आणि पहिल्या मॅचमध्ये आमची लेक प्रत्येक सर्व्हिसच्या आधी वाकून पॅड वर ओढतेय, रेफ्रीची शिट्टी वाजली, हात बॉलवर आणि पॅड नडगीवर! शिट्टीनंतर 8 सेकंदात सर्व्हिस मारावी लागते, त्यातले निम्मे हिचे त्यातच गेले. सर्व्हिस नेटमध्ये, हे सांगायला नकोच.

डबा न्यायचा की तिथेच काहीतरी घ्यायचं यावर जास्त बोलत नाही. डबा. दोन मॅचच्या मधे किती वेळ मिळेल हे कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे एकदम पोटभर जेवणापेक्षा थोडं थोडं चार वेळा खाता येईल असं द्या, आणि रोजच्या खाण्यातलंच, नवीन प्रयोग त्या दिवशी नको.

बॅग आपण भरायची की पोरांनी? आपण भरली तर काही राहत नाही, पण कोर्टच्या बाजूला उभं राहून "आई माझे सॉक्स कुठेत" हे ऐकायची तयारी ठेवा. पोरीने भरली तर एखादी गोष्ट राहते पण काय कुठे आहे ते तिला माहीत असतं. आम्ही दुसऱ्या वेळी मधला मार्ग काढला, तिने भरली आणि मी फक्त जर्सी, बूट, पॅड आणि सॉक्सचा जास्तीचा जोड एवढंच तपासलं. कानातलं, चेन घरीच काढून ठेवा, इजा होईल असं काही घालून खेळू देत नाहीत आणि ऐनवेळी ते काढताना रडारड होते.

आता खरा प्रश्न, दिवसभर थांबायचं की सोडून यायचं. थांबण्याचा तोटा आधी सांगते, तो म्हणजे आपण स्वतः. व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून बॉल मरेपर्यंतच्या खेळाला, पॉइंट जातो, 25 चा सेट म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वेळा रॅली तुटते, आणि तितक्या वेळा पोर मान वळवून आपल्याकडे बघू शकतं. आपण कपाळाला हात लावलेला त्यांना बरोब्बर दिसतो. शिवाय आपण ओरडतो "मार!" आणि कोच सांगत असतो नुसता बॉल पलीकडे टाक, मग त्या जिवाने ऐकायचं कोणाचं? सोडून येण्याचा तोटा वेगळा. कोर्टवर सहाच जण असतात, बाकीचे बेंचवर, आणि पहिल्या टूर्नामेंटला आपलं पोर बेंचवर बसायची शक्यता बरीच. एक सेट, दोन सेट नुसतं बसून काढल्यावर तोंड एवढंसं होतं, तेव्हा ओळखीचं कोणीतरी आसपास असलेलं बरं.

म्हणून मी म्हणते थांबा, पण टीमच्या बेंचच्या मागे बसू नका, समोरच्या बाजूला वरती कुठेतरी बसा, टाळ्या दोन्ही टीमच्या चांगल्या रॅलीला वाजवा, आणि "माझ्या मुलीला कधी उतरवणार" हा प्रश्न त्या दिवशी कोचला विचारू नका, दोन दिवसांनी प्रॅक्टिसच्या वेळी विचारा. घरी दुसरं लहान मूल असेल, सुट्टी मिळत नसेल, तर निदान पहिल्या मॅचला तरी जा, ती वेळापत्रकात ठरलेली असते, पुढच्या मॅचेस हमखास लांबतात.

जाताना टीमबरोबर पाठवायचं की आपल्या गाडीने? जाताना टीमबरोबर, धिंगाणा घालत गेली की टेन्शन उतरतं. येताना मात्र कोचला सांगून आपण घेऊन या, आणि गाडीत मॅचचा विषय तिने काढला तरच. आमची दहाव्या मिनिटाला झोपली होती, पॅड अजून नडगीवरच.